कोंडा, डिंक आणि देवीची जट

वाचकहो, मस्तक हा मनुष्यदेहाचा कळस होय. परंतु कळसावर काय साचले आहे हे खालून जाणाऱ्या सर्व लोकांस दिसते, ज्याचे त्यास मात्र दिसत नाही. टाकवे बुद्रुक येथील हौशीराम नामक तरुणाच्या मस्तकावर ऐन थंडीत कोंडा कसा झाला, तो घालविण्याकरिता त्याने स्वयंपाकघरातील निरुपद्रवी पदार्थांची योजना कशी केली, आणि त्या निरुपद्रवी पदार्थांनी त्याचे ठरलेले लग्न मोडावयास कसे आणले, ती सर्व हकीकत मी पुढे क्रमाने निवेदन करणार आहे. ती हसण्यासारखी आहे हे मी जाणून आहे. तथापि ज्याच्यावर ती गुदरली तो त्या वेळी हसत नव्हता, एवढे वाचकांनी मनात वागवावे.

हौशीराम हा लोणावळे स्टेशनावर सांधेवाला, म्हणजे दांडा ओढून गाडीचे रूळ बदलणारा, होता. घाटात विजेची इंजिने नुकतीच सुरू झाली होती. त्यामुळे पूर्वीचा धूर गेला होता आणि त्याच्या जागी निव्वळ धुके उरले होते. पौष महिन्यात ते धुके दरीतून वर येऊन स्टेशनात असे बसे की, जणू त्यानेच पुढचे तिकीट काढले आहे. सांध्याचा दांडा धरून हौशीराम त्या धुक्यात उभा राही आणि विचार करी. विचार एकाच गोष्टीचा असे. ती गोष्ट म्हणजे एक हात.

हा हात भुशी येथील रखमाजी यांची कन्या रतन हिचा होता. दिवाळीनंतर वडीलधाऱ्यांसह हौशीराम मुलगी पाहावयास गेला होता. मुलगी बाहेर आली, तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत गेली. त्या अवधीत मान वर करून पाहण्याचे धैर्य हौशीरामास झाले नाही. तांब्या त्याने नीट पाहिला, आणि तांब्याला धरलेला हात कोपरापर्यंत पाहिला. त्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, व मनगटाजवळ गोंदलेले तुळशीचे रोपटे होते. लग्न ठरले. तेव्हापासून समोरचे धुके थोडे हलले की हौशीरामास त्यातून तो हात पुढे येताना दिसे, आणि गाडी येऊन गेली तरी दांडा त्याच्या मुठीतच राही.

माघ लागताच सुपारी फुटावयाची होती. रखमाजींच्या घराण्यात अशी रीत होती की, सुपारीच्या दिवशी नवरदेवाने मुलीच्या अंगणात पाटावर बसावे, मुलीच्या मामाने त्याचे जुने शिरोवस्त्र सर्वांसमक्ष उतरवावे, उघड्या मस्तकास हळदकुंकू लावावे आणि मग स्वहस्ते नवा फेटा बांधावा. रीत उत्तम आहे. फक्त तीत मस्तक उघडे होते.

कोंड्याचा शोध हौशीरामाने स्वतः लावला नाही. तो नवसूने लावला. नवसू हा रूळ राखणाऱ्या टोळीतला गडी, डोंगरातल्या वाडीचा. एके सकाळी हौशीरामाच्या काळ्या कोटाकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला,

"भाऊ, सकाळच्या पारी गिरनीत गेलतास व्हय?"

"न्हाई बा. का रं?"

"खांद्यावर पीठ हाय."

हौशीरामाने खांदा झटकला. पीठ गेले. त्याने मान हलविली, आणि पीठ पुन्हा आले.

त्या क्षणापासून हौशीरामाच्या स्वप्नांत बिघाड झाला. आता धुक्यातून हात येई तो खरा, परंतु तो येऊन त्याच्या खांद्यावरचे पीठ झटकू लागे. मामा फेटा सोडीत आहेत, सर्व भुशी गाव वाकून पाहत आहे, आणि दाराआड कोणी तरी तोंडाला पदर लावीत आहे, असे चित्र त्यास भर दुपारी दिसू लागले.

नवसूचे मत साधे होते. तो म्हणाला, "शिकेकाई उकळायची, त्यात दोन रिठं टाकायचं, आन त्यानं न्हायाचं. आमच्या वाडीत तेवढंच करत्यात. पर धीर धरावा लागंल, भाऊ." हे मत बरोबर होते. त्यात एकच दोष होता, तो म्हणजे धीर.

हौशीराम अंबूबाई नावाच्या विधवा बाईंच्या घरी एका खोलीत भाड्याने राहत असे. अंबूबाई मायाळू होत्या आणि त्यांस प्रत्येक विषयात मत होते. आपला रोग कोणास कळू नये म्हणून हौशीरामाने त्यांस विचारले की, एका मित्राच्या डोक्यात कोंडा झाला आहे, तर काय करावे.

अंबूबाई म्हणाल्या, "तुझ्या मैतराला म्हणावं, आंबट दही चोळ आन उन्हात बस. आन हे बघ हौशा, मैतराची टोपी घालत जाऊ नगंस. तुझ्या बी कोटावर पडाय लागलंय त्याचं."

हौशीरामाने दही चोळले व परसात उन्हास बसला. ऊन कोवळे होते, त्यामुळे त्याचा डोळा लागला व तत्काळ स्वप्न सुरू झाले. रतन मृदू हाताने त्याचे केस कुरवाळीत होती. हात थोडा खरखरीत लागतो, याचे त्यास नवल वाटले. परंतु शेतकऱ्याच्या मुलीचा हात खरखरीत असावयाचाच, असे त्याने झोपेतच आपले समाधान केले. जागा झाला तेव्हा अंबूबाईंचे मांजर त्याच्या खांद्यावर बसून शेवटचे दही चाटीत होते. कोंडा मांजराने ठेविला होता.

पुढे लिंबाची पाळी आली. टाकव्याहून आई मुक्ताबाई हिने निरोप धाडला होता की, लिंबाचा रस खोबरेलात कालवून लाव. खोबरेल संपले होते, म्हणून हौशीरामाने नुसता रस लावला, आणि वेळ झाली म्हणून तसाच कामावर गेला. आधीच खाजवून सोलवटलेल्या मस्तकावर लिंबाचा रस काय करतो, ते मी लिहीत नाही. रस कपाळावरून डोळ्यांत उतरला. समोरून गाडी येत होती. हौशीरामाने दोन्ही हात वर केले व ते दुःखाने हलविले. आता रेल्वेच्या नियमाप्रमाणे सांधेवाल्याने दोन्ही हात वर करणे याचा अर्थ, पुढे धोका आहे, गाडी थांबवा, असा होतो. गाडी थांबली. प्रत्येक खिडकीतून एक एक मस्तक बाहेर आले. हौशीराम मला सांगत असे की, त्या दुःखातही आपण त्या मस्तकांकडे पाहिले, आणि ती सर्व स्वच्छ दिसली.

स्टेशनमास्तर पुण्याचे होते. ते शांतपणे म्हणाले, "गाडी का थांबली, ते मला वर कळवावं लागेल. काय कळवू?"

"साहेब, लिंबू."

"लिंबू हे कारण नियमात नाही. रुळावर जनावर आलं होतं, असं कळवतो. चालेल?"

"चालंल साहेब."

"जनावर कोणतं ते विचारलं तर मी तुझं नाव सांगीन," असे म्हणून ते आत गेले.

नथू न्हावी याने मात्र सर्व उपचारांस नावे ठेविली. त्याचे म्हणणे, झुलपे उतरावी, चकोट करावे, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुवावे, म्हणजे रोगाला राहावयास घरच नाही. परंतु हौशीरामाची झुलपे मानेवर रुळत होती. सबंध टाकवे बुद्रुक गावात तशी झुलपे कोणास नव्हती. ती लोणावळ्याच्या राहणीची खूण होती आणि मुलगी पाहावयास गेला तेव्हाही ती होती. रतनने आपणांस पाहिले असेल तर त्या झुलपांसह पाहिले असेल, आणि आता त्यांवाचून ती आपणांस ओळखील कशी, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने वस्तरा नाकारला.

असे करता करता सुपारीचा आदला दिवस उजाडला. कोंडा होता तिथेच होता. हौशीरामाने त्या दिवशी सुटी घेतली, अंबूबाई बाजारास गेल्याचे पाहिले, आणि असा विचार केला की, एक एक औषध जर थोडा थोडा गुण देते, तर सर्व एकत्र केल्यास संपूर्ण गुण यावा. हा विचार पुस्तकी नाही, परंतु मनुष्यास संकटात असेच सुचते. त्याने मेथ्या वाटल्या, जवस शिजवून त्याचा बुळबुळीत काढा केला, कोरफडीचा गर काढला, उडदाचे पीठ मिसळले. इतक्या वेळा धुऊन केस काथ्यासारखे ताठ उभे राहत होते. ते नीट बसावेत म्हणून अंबूबाईंच्या फळीवरील लाडवांच्या डिंकाचा डबा काढून तो सगळा पाण्यात विरघळवून त्यात घातला. ते लेपन मस्तकास थापून वरून जुन्या धोतराची पट्टी पिळून पिळून बांधली, आणि भिंतीशी उन्हात बसला.

त्या दिवशीचे स्वप्न फार सुंदर होते. भुशीच्या माळावर धुके होते आणि त्यातून रतन चालत आली, या वेळी सबंध. तिने तांब्या ठेवला. हौशीरामाने मान वर केली. तिचा चेहरा आता दिसणार, इतक्यात कोणी तरी किंकाळी फोडली.

अंबूबाई समोर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातची पिशवी खाली पडली होती. झोपेत पट्टी सुटली होती. हौशीरामाने हात वर नेला, तो हातास केस लागेनात. डोक्यावर नारळाच्या करवंटीसारखे काही तरी होते, आणि जिथे पट्टीची गाठ होती तिथून मानेवर एक जाड, पिळदार दोर लोंबत होता.

"जट," अंबूबाई हळूच म्हणाल्या. "देवीची जट आली की रं हौशा." आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोके ठेविले.

वाचकहो, येथे थोडे थांबणे अवश्य आहे. आमच्या भागात ज्याच्या केसांची आपोआप जट होते, त्यास देवीने मागून घेतले असे समजतात. त्या जटेस कोणी लोखंड लावीत नाही, आणि असे माणूस संसारात पडत नाही. हौशीरामास खरे सांगावयाचे होते. परंतु खरे सांगावे तर मित्रास नव्हे, आपणासच कोंडा झाला, हे सांगावे लागले असते. शिवाय डिंकाचे निघाले असते. तो शब्द जुळवीत होता, तोवर अंबूबाई आळीत गेल्या. दिवे लागण्यापूर्वी परसात बायका आल्या, कोणी खण ठेविला, कोणी नारळ. कालपर्यंत ज्यास कोटावरच्या पिठामुळे गिरणीवाला म्हणून हसत, त्याच्या पायांवर आज कुंकू वाहत होते. हौशीराम मोठ्या संकोचात होता. तथापि त्या संकोचात थोडे बरेही वाटत होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

बायका गेल्यावर त्याने गुपचूप तांब्याभर गार पाणी डोक्यावर ओतले. त्यामुळे जवस फुगले आणि जट अधिक जाड झाली. तो नथूकडे गेला. नथूने कातर पाठीमागे लपविली.

"लोखंड लावू व्हय देवीच्या जटंला? माज्या घरी लेकरं हाईत, हौशीराम. कौल घे आदी."

सकाळी स्टेशनमास्तरांनी त्यास पाहिले, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवून पाहिली, आणि ती घसरून खाली पडली ती झेलली. "धर्माच्या बाबतीत रेल्वे हात घालत नाही," ते म्हणाले. "पण टोपी रेल्वेची आहे. ज्याच्या डोक्यावर ती बसत नाही तो कामावर हजर आहे, असं मला दाखवता येत नाही. अर्ज कर. सोबत देवीचा दाखला जोड."

"देवीचा दाखला कसा मिळंल, साहेब?"

"ते देवीच्या कचेरीत विचार."

टाकव्याची मंडळी जवळच्या कान्हे स्टेशनाहून गाडीने आली. मुक्ताबाईंनी लेकास पाहिले आणि त्या फलाटावरच बसल्या. आधी त्यांनी हात जोडले, मग त्यांस रडू आले. "आये, का रडतीस?" हौशीरामाने विचारले. त्या म्हणाल्या, "देवीनं आपल्या घरचं मानूस निवडलं, म्हनून हात जोडलं. आन आता मला सून न्हाई, म्हनून रडतीया. दोनी खरं हाय, बाबा." आतापर्यंत हौशीरामास ही एक अडचण वाटत होती. सून न्हाई या शब्दांनी त्यास प्रथम उमजले की, तो हात आता पुन्हा तांब्या ठेवणार नाही.

भुशीच्या वाटेवर देवीचे ठाणे आहे. तेथे कौल लावला. गुरवाने हौशीरामाच्याच हाताने ओले फूल देवीच्या अंगास चिकटविले व सांगितले, "उजवं पडलं तर मोकळा, डावं पडलं तर देवीचा." सर्व मंडळी टक लावून पाहत उभी राहिली. धुके पातळ झाले, ऊन आले, ऊन पायरीपर्यंत उतरले. फूल पडेना. हौशीरामाचे हात रात्रभर जट चाचपून चिकट झाले होते, आणि त्या बोटांनी लावलेले फूल देवीच्या खांद्यावर असे बसले की, ते तेथेच उमलले असावे.

"देवी इचार करतीया," गुरव म्हणाला.

"किती येळ करंल?" मुक्ताबाईंनी विचारले.

"तिला घाई नसती, मावशी."

अखेर देवीस विचार करू देऊन मंडळी भुशीस आली, अंबूबाईही सोबत. अंगण सारवलेले होते, पाट मांडला होता, मामा फेटा हातात घेऊन बसले होते. बातमी पुढे गेली होती. रखमाजी सामोरे आले आणि त्यांनी वाकून हौशीरामाच्या पायांस हात लावला.

"तुमच्या पाया पडतो," ते म्हणाले, "पर लेक देत न्हाई. देवीचं मानूस संसाराला बांधलं तर आमच्या घरावर यील. राग मानू नगा. जेवून जा."

मामांनी फेट्याची घडी घातली. तेव्हा घरातून एक तांब्या बाहेर आला. पाहुण्यांस पाणी द्यावयाचेच असते. हिरव्या बांगड्यांच्या हाताने तो उंबऱ्याबाहेर ठेविला, आणि हात आत जाण्यापूर्वी तांब्याच्या काठावर किंचित थांबला. फार नाही. धुके दरीत उतरण्यापूर्वी कड्यावर थांबते, तितकाच.

हौशीराम पाटासमोर उभा राहिला. ज्या एका गोष्टीसाठी त्याने इतके सोसले होते, तीच गोष्ट त्याने सर्व भुशी गावासमोर उघड्या डोक्याने सांगितली.

"मामा, ही देवीची जट न्हाई. मला कोंडा झालाय. तो जावा म्हनून मी मेथ्या लावल्या, जवस लावलं, आन वरनं डिंक थापला. देवीचा यात काय संबंध न्हाई."

रखमाजींनी हात जोडले. "बघा," ते मंडळींस म्हणाले, "कसा लीन हाय. देवीचं मानूस कवा म्हनत न्हाई, मी देवीचा म्हनून."

"आवं खरंच डिंक हाय."

"असंच म्हनत्यात," एक म्हातारे म्हणाले.

हौशीरामाने सर्वांकडे पाहिले. आयुष्यात प्रथम त्याने मानमरातब झिडकारला होता, आणि तो दुप्पट होऊन परत आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तेही भक्तीचे ठरणार, इतक्यात मागून अंबूबाईंचा आवाज आला.

"कुटला डिंक?"

हौशीराम एक पाऊल मागे सरला.

"हौशा, कुटला डिंक लावलास म्हनते मी. फळीवरला? माज्या लेकीच्या बाळंतपनाचा? सकाळी डबा रिकामा बगितला, आन मी त्या मांजराला उपाशी ठेवून आले." त्या पुढे आल्या, त्यांनी ती पूज्य जट हातात धरली, तिचा वास घेतला आणि ती ओढली. "मेथ्याच हाईत की रं. आन मी ह्याच्या पाया पडले. मुडद्या, माजा नारळ परत दे."

अंबूबाईंच्या रागाविषयी कोणास शंका आली नाही. इतका राग देवीच्या माणसावर कोणी करीत नसते. रतनची आई सरुबाई आतून कढत पाण्याचा हंडा व उकळलेली शिकेकाई घेऊन बाहेर आल्या, त्यांनी होणाऱ्या जावयाची मान धरून दगडावर खाली वाकविली, आणि लहान पोरास न्हाऊ घालावे तसे त्यास घासले. अंगणातून पिवळा, बुळबुळीत ओहोळ वाहू लागला. कोंबड्या त्यातील मेथ्या टिपू लागल्या. जट वितळून गेली, आणि खाली गुंतलेल्या केसांचा एक गोळा व त्यात पांढरा कोंडा, सर्वांस स्पष्ट दिसेल असा, उघडा पडला.

रखमाजी विचारात पडले. "देवीचा म्हनून नगं म्हनलो," ते मामांस म्हणाले. "आता येडा म्हनून नगं म्हनावं का काय, ते समजंना."

हौशीराम दगडावर बसून होता, केसांतून पाणी गळत होते. सरुबाईंनी बोटांनी गुंता सोडवून पाहिला. "फनीबिगर सुटायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "कुनाकडं हाय का फनी?" पुरुषमंडळी कोठून फणी आणणार? मुक्ताबाई आणि अंबूबाई यांनी आपापल्या घरी ठेविल्या होत्या.

तेव्हा दार थोडे उघडले. हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला, आणि त्या हातात एक शिसवी फणी होती.

आता आमच्या घरांतून अशी चाल आहे की, बाईमाणूस आपली फणी परक्यास देत नाही. बहिणीबहिणींच्याही वेगळ्या असतात. ती घरच्याच माणसाच्या केसांस लागावयाची. हे अंगणातील प्रत्येक बाईस ठाऊक होते आणि पुरुषांस बायकांच्या तोंडाकडे पाहून कळले. सरुबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. रखमाजींनी घसा खाकरला. ते मामांस म्हणाले, "उन्हं कलली. बसून काय ऱ्हायलास? फेट्याची घडी मोड."

हौशीरामाने फणी घेतली व ती केसांत घातली. ती बोटभर आत गेली आणि अडकली. त्याने ओढली, सरुबाईंनी ओढली, मामांनीही एकदा ओढून पाहिली. ती पुढे येईना, मागे जाईना. मुहूर्त चालला होता. अखेर मामांनी त्या ओल्या, कोंड्याने भरलेल्या मस्तकास हळदकुंकू लावले आणि फणीसकटच वर फेटा बांधला. सुपारी फुटली. फणीचे दात टाळूस टोचत होते. हौशीराम पाटावर अगदी ताठ बसला होता, समोर माळावर सांजेचे धुके उतरू लागले होते, आणि त्याची नजर कोठेही नव्हती. त्याच्या आईने विचारले, "दुखतंय का रं?" त्याने मान हलविली. ती व्हय म्हणून हलविली की न्हाई म्हणून, ते तिला समजले नाही.

कोंडा पुढे ऊन तापल्यावर आपोआप गेला. रतनला तिची फणी लग्न होऊन ती घरात आल्यावरच परत मिळाली.

ही हकीकत मी हौशीरामाच्या तोंडून व अंबूबाईंच्या तोंडून अशी दोन्हीकडून ऐकून, जेथे दोघांचे जुळले नाही तेथे मुक्ताबाईंस विचारून लिहिली आहे. माझे शिक्षण बेताचे आहे. शब्द कोठे अवजड झाला असल्यास तो वाचकांनी हलका करून घ्यावा. येथवर सोबत केलीत, याबद्दल सर्व वाचक बंधुभगिनींचे आभार मानतो व लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
बजरंग नथूजी टाकवेकर